चिकाचे कुळ

हापूसची पेटी, काजूकतली, बासुंदीवर पेरलेली चारोळी आणि दुकानाच्या दारात लिंबू-मिरचीबरोबर तारेत ओवलेला काळा बिब्बा या चार वस्तू एकाच कुळातल्या आहेत असे सांगितले, तर सहसा कोणाला पटत नाही. पहिल्या तीन पाहुण्यांपुढे ठेवायच्या, चौथी दृष्ट लागू नये म्हणून टांगायची आणि शनिवारी बदलून रस्त्यावर टाकायची. वनस्पतिशास्त्राने मात्र या चारही झाडांना एकाच घरात बसवले आहे. मराठीत त्याला आम्रकुळ म्हणतात; शास्त्रीय नाव ॲनाकार्डिएसी. या कुळात सुमारे ८० प्रजाती आणि ८०० हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक उष्ण कटिबंधात वाढतात. पिस्ता, सुमाक यांसारखे काही भाऊबंद कोरड्या किंवा थंड मुलखात जाऊन स्थिरावले आहेत. आपण या झाडांची वाटणी उपकारी आणि अपकारी अशी करून टाकली आहे. आंबा राजा, काजू श्रीमंत, चारोळी गुणी आणि बिब्ब्याची जागा उंबरठ्याबाहेर. ही वाटणी टिकणारी नाही, असे माझे म्हणणे आहे. या कुळातल्या अंगावर फोड आणणाऱ्या गुणाचा शोध घेत गेलो, की आपण त्याच्या उपयोगांपाशी पोचतो आणि उपयोगांचा माग काढला, तर पुन्हा फोडांपाशी. दोन्ही वाटा झाडाच्या चिकातून जातात.

कुळ ओळखण्याच्या खुणा आधी पाहू. आंब्याचा मोहर आठवला तर निम्मे काम झाले. फांदीच्या टोकाला तुरा, त्यात शेकडो बारीक फुले, प्रत्येक फुलाला बहुधा पाच पाकळ्या आणि मधोमध मधाची छोटी चकती. आंबा आणि काजू या दोघांच्याही तुऱ्यात काही फुले नुसती नर असतात आणि काही उभयलिंगी, म्हणून मोहर झाडभर असला तरी फळे मोजकीच धरतात. फळात सहसा एकच बी असते आणि तिच्याभोवती कठीण कवच. आंब्याची कोय हा त्याचा सर्वांच्या परिचयाचा नमुना. काजू आणि बिब्बा यांनी यात एक गंमत केली आहे. दोघांचाही देठाकडचा भाग फुगून रसाळ होतो आणि खरे फळ त्याच्या टोकाला बाहेर लोंबते. कोकणात काजूच्या या फुगलेल्या देठाला बोंडू म्हणतात. बिब्ब्याचा तसाच भाग नारंगी, लहान आणि खाण्याजोगा असतो, तो वाळवूनही खातात. पण फुले आणि फळे वर्षभर हाती लागत नाहीत. बारमाही खूण आहे ती सालीत, पानांच्या शिरांत आणि फळाच्या आवरणात पसरलेल्या राळवाहिन्यांची. पान चुरगळले की कैरीसारखा उग्र वास येतो, फांदी मोडली की चीक पाझरतो आणि कुळातल्या पुष्कळ झाडांत तो हवेत काळा पडतो. सह्याद्रीच्या पावसाळी रानात होलिगार्ना प्रजातीची झाडे आहेत, त्यांना कोणी रानबिब्बा म्हणतात. त्यांच्या खोडावरचे काळे ओघळ लांबूनही दिसतात. अनोळखी झाडाचे पान चुरगळून पाहण्याची हौस मात्र या कुळाच्या बाबतीत आवरलेली बरी.

हा चीक काळा का पडतो आणि तो का भाजतो, या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. चिकात इतर अनेक द्रव्ये असतात, पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो एका विशिष्ट बांधणीच्या रेणूंचा गट. प्रत्येक रेणूला फिनॉलचे एक कडे असते आणि त्याला जोडलेली पंधरा किंवा सतरा कार्बन अणूंची लांब, तेलकट शेपटी. कडे चटकन रासायनिक क्रिया करणारे, शेपटी पाण्यापासून दूर राहणारी आणि चरबीत मिसळणारी. जपानी लाखवृक्षातल्या, अमेरिकेतल्या विषवेलीतल्या आणि आपल्या बिब्ब्यातल्या अशा रेणूंना उरुशिऑल गटात धरतात. काजूच्या टरफलात ॲनाकार्डिक आम्ल, कार्डॉल आणि कार्डानॉल असतात. आंब्याच्या चिकात आणि सालीत याच नात्यातली रिसॉर्सिनॉले असतात. तेलकट शेपटीमुळे हा रेणू त्वचेच्या वरच्या थरातून सहज आत शिरतो. आत गेल्यावर उरुशिऑलच्या कड्याचे ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन बनते आणि ते जवळच्या प्रथिनाला घट्ट चिकटते. शरीराच्या संरक्षक पेशींना मग स्वतःचेच प्रथिन परके वाटू लागते आणि त्या त्यावर तुटून पडतात. खाज, लाली, पाण्याने भरलेले फोड हे सारे त्या हल्ल्याचे परिणाम. म्हणूनच पुरळ लगेच येत नाही. एकदोन दिवस उलटतात आणि तोवर माणूस कोणत्या झाडाला शिवला होता हेही विसरलेला असतो. टरफलाच्या तेलासारखा दाट, जहाल चीक मात्र इतका वेळ घेत नाही. तो सरळ कातडीच जाळतो.

आता हीच क्रिया त्वचेऐवजी लाकडावर घडली तर काय होईल? जपान, चीन आणि कोरियातले कारागीर लाखवृक्षाच्या खोडाला चिरा पाडून चीक गोळा करतात आणि त्याचे पातळ थर लाकडी भांड्यांवर देतात. चिकातच एक विकर असते. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते उरुशिऑलच्या कड्यांचे ऑक्सिडीकरण करते. फरक एवढाच, की इथे चिकटायला त्वचेचे प्रथिन नसते. रेणू एकमेकांनाच चिकटत जातात आणि त्यांची जाळी विणली जाते. पाणी, आम्ल, उष्णता यांना दाद न देणारा चकचकीत थर तयार होतो. हा थर वाळवायला उन्हात ठेवत नाहीत. दमट कोठडीत ठेवतात, कारण विकराला काम करायला ओलावा लागतो. हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये या विकराच्या कामाची प्रथम नोंद केली, आणि जीवरसायनशास्त्रात आज ज्याला लॅकेज म्हणतात त्याचा इतिहास या झाडाच्या चिकापासून सुरू होतो. ब्रह्मदेशातल्या बगानची प्रसिद्ध लाखकामाची भांडी ग्लुटा या दुसऱ्या प्रजातीच्या चिकावर चालतात, तीही आम्रकुळातलीच. सावंतवाडीचे लाखकाम पाहिलेल्या वाचकाने इथे गल्लत करू नये. आपल्याकडची लाख हा फांद्यांवर वाढणाऱ्या एका किड्याचा स्राव आहे, झाडाचा चीक नव्हे. जपानी कारागिरांच्या शिकाऊ मुलांना सुरुवातीला अंगभर पुरळ येते, हे त्या धंद्यात सर्वांना माहीत असते. पुरळ उठवणारी आणि भांड्यावर चकाकी आणणारी रासायनिक पायरी एकच आहे. चिकातून दाह काढून टाका आणि चकाकी तेवढी ठेवा, अशी सोय इथे नाही. निदान थर पुरता घट्ट होईपर्यंत तरी नाही.

बिब्ब्याने हेच काम आपल्याकडे कापडावर केले. धोबी लोक बिब्ब्याचा रस चुन्याबरोबर वापरून कपड्यांवर खुणा करत. ती खूण साबणाने जात नसे, भट्टीत उकळूनही जात नसे. याच वापरावरून इंग्रजीत बिब्ब्याला खुणेचे फळ म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, जिथे कपड्यावरची खूण अंगाला लागत होती नेमक्या त्याच जागी, पुरळ उठू लागले. १९४३ मध्ये लष्करी डॉक्टरांनी त्याचा छडा लावला. अमेरिकेतल्या रानात पुष्कळांचा विषवेलीशी लहानपणीच संबंध आलेला असतो, आणि एकदा चिडलेले शरीर त्याच बांधणीचा रेणू दुसऱ्या झाडातून आला तरी ओळखते. या ओळखीचा आणखी एक पुरावा इस्राएलमधून मिळाला. तिथे आंबे उतरवणाऱ्या लोकांपैकी अमेरिकेतून आलेल्यांना पुरळ उठले, तिथेच वाढलेल्यांना उठले नाही. विषवेल आणि आंबा यांच्यामध्ये समुद्र आहेत, तरी त्वचेने त्यांचे नाते ओळखले. ते वर्गीकरणाच्या ग्रंथात आधीपासूनच नोंदलेले होते.

तोच बिब्बा विदर्भात आणि मराठवाड्यात थंडीच्या लाडवातही असतो, हे मात्र शहरी वाचकाला अनेकदा ठाऊक नसते. काळे कवच फोडले की आतून पांढरा गर निघतो. त्याला गोडंबी म्हणतात. चवीला ती बदामाच्या आणि काजूच्या मधली, आणि डिंकाच्या लाडवांत तिला मान असतो. अर्ध्या सेंटिमीटरच्या आत एकीकडे कातडी जाळणारे तेल आणि दुसरीकडे पौष्टिक बी. आयुर्वेदानेही बिब्बा टाकून दिला नाही. भल्लातकाचे रसायन चरकसंहितेत आहे, पण ते देण्याआधी शोधन करायला सांगतात. त्याची एक रीत म्हणजे फळे विटेच्या चुऱ्यात घोळून, घासून तेल शोषून घेणे. आजच्या भाषेत हे तेलाची मात्रा कमी करणे आहे. इथे एक आक्षेप हमखास येतो: शास्त्रात औषध म्हणून सांगितले आहे, मग भेगांना किंवा दुखऱ्या सांध्याला घरच्या घरी बिब्बा लावला तर काय बिघडले? बिघडते ते हेच, की घरी शोधनाची पायरी गाळली जाते आणि मात्रा डोळ्यांनी ठरवली जाते. ज्या परंपरेचा आधार घेतला जातो, तिने स्वतःच या फळाला शोधनाशिवाय हात लावू नये म्हटले आहे. लहान मुलांच्या कोवळ्या कातडीला तर बिब्बा अजिबात लावू नये.

काजू आणि बिब्बा यांचे साम्य युरोपियनांच्या फार लवकर लक्षात आले होते. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ताने १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या औषधीविषयक ग्रंथात बिब्ब्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. काजूचे झाड कोचीच्या बागांत असल्याची नोंद त्यानंतर, १५७८ मध्ये क्रिस्तोव्हाँव द कोस्ताच्या ग्रंथात येते. ब्राझीलकडचे हे झाड पोर्तुगीजांनी आणले आणि ते कोकण-गोव्याच्या कातळमातीत असे रमले, की आज काजूच्या उत्पादनात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. बोंडवापासून गोव्यात हुर्राक आणि फेणी होते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबत नाही. माझा रोख टरफलाकडे आहे. काजूच्या बीचे टरफल दुहेरी असते, मधल्या पोकळ जागेत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना आणि तिच्यात भरलेले तेल. टरफलाच्या वजनाचा सुमारे पाव हिस्सा या तेलाचा. गर काढण्याच्या जगभरातल्या सगळ्या पद्धती या एकाच अडचणीभोवती रचलेल्या आहेत: तेल गराला लागू द्यायचे नाही. बी भाजली तर तेल बाहेर फेकले जाते आणि टरफल ठिसूळ होते, पण धूर डोळ्यांना आणि छातीला सोसत नाही. वाफवली तर तेल टरफलातच राहते, धूर होत नाही, मात्र नंतर बी पात्यावर धरून कापावी लागते. कोकणात आता बहुतेक ठिकाणी ही दुसरी रीत आहे. फाल्गुन-चैत्रात बाजारात येणाऱ्या ओल्या काजूगरांना तर भाजणे-वाफवणे काहीच नसते. उसळीसाठी आपण ते सोललेले विकत घेतो. सोलणाऱ्या बायकांची बोटे मात्र काळी पडलेली आणि सालपटलेली असतात.

इथवर वाचून एखादा म्हणेल, की बिब्बा आणि काजू ठीक आहेत, पण आंब्याचा या सगळ्याशी काय संबंध? आंबा आपण गोडीसाठी खातो, चिकासाठी नाही. आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला अर्धा मला मान्य आहे. गर ही झाडाने प्राण्यांना दिलेली लाच आहे, कोय दूर नेऊन टाकण्याची. तिच्यात दाहाचे काम नाही. पण आंबा पिकवणाऱ्याला विचारा, त्याचा निम्मा जीव चिकात अडकलेला असतो. फळ देठापासून तुटले की चीक पिचकारीसारखा उडतो आणि सालीवर सांडला तर तिथे काळपट डाग पडतो. त्यातल्या उडनशील तेलामुळे सालीच्या पेशी फुटतात आणि डाग गडद होत जातो. फळ आतून उत्तम असले तरी पेटीतून बाजूला काढले जाते. म्हणून देठासह आंबा उतरवायचा. त्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नूतन झेला केला, ज्यात देठ कापला जातो आणि फळ जाळीत पडते. रायवळ आंबा चोखण्यापूर्वी देठाकडचे पहिले थेंब पिळून टाकण्याची रीत कोकणात सर्वत्र आहे. तसे केले नाही तर ओठांच्या कडेला फोड येतात आणि लोक म्हणतात, आंबा उष्ण पडला. पाण्यात भिजवून ठेवल्याने आंब्याची उष्णता जाते असा समज आहे. उष्णतेचे ठाऊक नाही, सालीवर वाळलेला चीक धुऊन जातो एवढे नक्की.

आंब्याच्या चिकाचे खरे काम मात्र माणसाच्या ओठांशी नाही, बुरशीशी आहे. करप्याची बुरशी कोवळ्या फळातच शिरून बसते, पण फळ कच्चे असेपर्यंत तिला वाढता येत नाही. आंबा पेटीत पिकू लागला, की चारदोन दिवसांत काळे ठिपके फुटतात. इस्राएलमधल्या संशोधकांनी आंब्यावरच्या दुसऱ्या एका बुरशीचा अभ्यास करताना दाखवले, की कच्च्या सालीत ही रिसॉर्सिनॉले बुरशी रोखण्याइतकी असतात आणि पिकताना त्यांचे प्रमाण घटते. ते घटले की दबून बसलेली बुरशी डोके वर काढते. श्रीलंकेतल्या अभ्यासकांनी याच्या पुढचा प्रयोग केला. काही फळांतला चीक काढून टाकला, काहींत राखला. चीक राखलेल्या फळांनी बुरशीला जास्त तोंड दिले. म्हणजे बागायतदार पेचात. चीक निथळू दिला तर साल स्वच्छ राहते, पण फळाचे संरक्षण कमी होते. चीक राखला तर संरक्षण टिकते, पण सांडला तर डाग. आंबा गोडीसाठी खाल्ला जातो हे खरेच, पण तो आपल्या ताटापर्यंत न सडता येतो, याचे काही श्रेय चिकाकडे जाते.

दुसरा आक्षेप या संरक्षणाच्या कल्पनेवरच घेता येईल. इतका जहाल चीक असूनही आंब्याच्या मोहरावर तुडतुडे बसतात, काजूच्या कोवळ्या फुटीतून ढेकण्या रस शोषतो, विषवेलीचा पाला हरणे आणि शेळ्या खातात, तिची फळे पक्षी खातात. मग संरक्षण कसले? उत्तर असे, की कोणत्याही झाडाचे रसायन सर्वांना थोपवत नाही. ज्या किडी त्याच झाडावर पोसल्या जातात, त्यांनी त्यावर तोड काढलेली असते. रस शोषणाऱ्या किडी तर राळवाहिन्या चुकवूनही सोंड खुपसू शकतात. विषवेलीला माणसाशी वैर नाही आणि हरणाशी सख्य नाही. आपल्या अंगावरचे फोड ही आपल्या संरक्षक पेशींची चुकीची समजूत आहे. झाडाचा चीक जखम बुजवायला, बुरशी-जिवाणू रोखायला आणि बाहेरून आलेल्या किड्यांना अडवायला घडला असावा, असे मानणे पुराव्याला धरून आहे. काजूतल्या ॲनाकार्डिक आम्लाची जिवाणुरोधक शक्ती प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसली आहे. कोकणात होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल चोपडत, ते वाळवी आणि कुजणे थांबावे म्हणून. झाड स्वतःच्या बीसाठी जे करत होते, तेच माणसाने आपल्या होडीसाठी करून घेतले.

तिसरी हरकत माझ्या म्हणण्याला खरी मर्यादा घालते. आंबाडा आणि शेमट ही झाडे याच कुळातली, पण त्यांच्या चिकाने फोड येत नाहीत. आंबाड्याची फळे आपण लोणच्याला, आमटीला निर्धास्त वापरतो. शेमटाच्या फांद्या कुंपणाला खोचतात, त्या पावसात फुटतात, आणि तोडणाऱ्याच्या हाताला काही होत नाही. कुळाच्या वर्गीकरणात ही झाडे वेगळ्या उपकुळात जातात, आणि त्वचेला छळणाऱ्या सगळ्या जाती आंबा-काजू-बिब्बा ज्यात येतात त्या उपकुळात सापडल्या आहेत. तेव्हा चीक म्हणजे दाह, हे संपूर्ण कुळाला लावता येणार नाही. राळवाहिन्या सर्वांना, जहाल रेणू काहींना. पण ही मर्यादा नीट पाहिली तर मूळ मुद्द्याला बळच देते. शेमटाचा डिंक निघतो, पण त्यापासून जपानी भांड्यावरच्यासारखा थर कोणी दिलेला नाही, त्याने धोब्याची खूण होत नाही. ज्या शाखेत दाह नाही, त्या शाखेत ते विशेष उपयोगही नाहीत. चारोळीचे आकर्षण तर सगळे बीच्या गरात आहे. माझ्या मांडणीत ती कडेलाच बसते, आणि तिला ओढून मध्ये आणण्यात अर्थ नाही.

राहिला आधुनिकांचा आक्षेप: रंग, रोगण, शाई हे सारे कारखान्यात बनत असताना झाडाच्या चिकाचे कौतुक कशाला? व्यवहाराने याचे उत्तर उलटे दिले आहे. काजूच्या टरफलाचे तेल तापवले की ॲनाकार्डिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल उरते. त्याचे कडे फिनॉलसारखे वागते, म्हणून फॉर्माल्डिहाइडशी जोडून त्याची राळ करता येते. शेपटीमुळे ती राळ लवचीक राहते आणि पाणी धरत नाही. मॉर्टिमर हार्वे या अमेरिकनाने १९२० च्या दशकापासून यावर पेटंटे घेतली आणि पुढे मोटारींच्या ब्रेकमध्ये, घर्षणाने तापणाऱ्या अस्तरांत, ही राळ भुकटीच्या रूपात जाऊन बसली. जहाजांचे रंग, इपॉक्सी घट्ट करणारी द्रव्ये, वार्निश असा तिचा पसारा वाढत गेला. फिनॉल खनिज तेलापासून बनते, कार्डानॉल कचऱ्यात जाणाऱ्या टरफलापासून. खाण्याच्या पिकाची जमीन त्यासाठी अडवावी लागत नाही. घाटात ट्रक ज्या अस्तरांवर थांबतो, त्यात काजूच्या टरफलाचा अंश असू शकतो.

मग प्रश्न उरतो तो दाह कोणाच्या वाट्याला जातो याचा. गर, तेल, राळ यांना बाजारभाव आहे, फोडांना नाही. काजू फोडणाऱ्या, सोलणाऱ्या, प्रतवारी करणाऱ्या बहुतेक बायका आहेत, वेंगुर्ल्यापासून चंदगड-आजऱ्यापर्यंत आणि पुढे केरळात कोल्लमपर्यंत. हाताला राख किंवा खोबरेल चोळून त्या बसतात. हातमोजे का घालत नाहीत, असे विचारणे सोपे आहे. मजुरी किलोवर असते आणि मोज्यांनी बोटांचा वेग कमी होतो. शिवाय गर अख्खा निघाला तरच भाव. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० अख्खे गर, डब्ल्यू-१८० म्हणजे त्याहून मोठे आणि महाग, आणि तुकडा झाला की भाव एकदम खाली. बोटांच्या स्पर्शावर पैसे ठरतात, तेव्हा बोटे झाकण्याचा खर्च मजुरणीच्याच पदरात पडतो. बिब्बे फोडणाऱ्या बायकांची गत याहून वाईट, कारण त्या धंद्यात कारखानाही नाही. घराच्या अंगणात दगडावर फळ ठेवायचे, ठेचायचे आणि उडालेले तेल हातावर, चेहऱ्यावर झेलायचे.

यंत्रे येतील आणि हा प्रश्न सुटेल, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगता येईल, की यंत्रे आलेली आहेत. स्वयंचलित कापणी यंत्राला सारख्या मापाची बी लागते, म्हणून आधी चाळणीने आकार वेगळे करतात. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या कलमांच्या बागेतली बी बरीच एकसारखी मिळते. पण कोकणातला पुष्कळ माल अजून रोपापासून वाढलेल्या गावठी झाडांचा, प्रत्येक झाडाची बी निराळी. माप थोडे चुकले की पाते गरात घुसते, टरफलातले तेल गराला लागते आणि तुकडे वाढतात. कापून झाल्यावरही टरफलात अडकलेले गर राहतात, ते टोकदार सुरीने काढावे लागतात. हे काम अजून हातानेच होते आणि तेल लागलेल्या टरफलांच्या ढिगाशेजारी बसूनच होते.